सर्वानुमते

शाळा समितीच्या सभेच्या आदल्या दिवशीच मी इतिवृत्ताच्या वहीत आठ ठरावांच्या जागा आखून ठेवायचे. प्रत्येक ठरावासाठी चार ओळी कोऱ्या आणि त्यांच्याखाली ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. बावीस वर्षांत आमच्या शाळेत कुणी नाही म्हटलंच नव्हतं, मग घाईत अक्षर कशाला बिघडवायचं? सभासदही चहा घेता घेताच सह्या करून मोकळे व्हायचे.

त्या दिवशीचा चहा नेहमीप्रमाणे वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या सगुणामावशींनी आणला. त्या रिकामे कप घेऊन गेल्यावर अध्यक्षांनी आठवा विषय काढला. मावशींचं वय झालं, त्यांना कामावरून कमी करावं.

“माझा विरोध आहे,” मी म्हणाले.

“तुमचं बरोबर आहे हो बाई,” अध्यक्ष हसले. “नोंदवा की विरोध. फक्त वहीत खाडाखोड नको, तपासणीत अडकतं.”

मी वही उघडली. आठवा ठराव माझ्याच अक्षरात कालच मंजूर झाला होता. त्याखाली अकरा सह्या होत्या, पहिली माझी. मी वरच्या चार ओळी भरल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी ठरावाची नक्कल घेऊन माझ्याकडे आल्या. “तुम्ही तरी नाही म्हणालात ना, बाई?”

“म्हणाले ना! सगळ्यांसमोर म्हणाले.”

त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत वाचलं, “स... र्वा... नु... म... ते.”

त्यांना वाचायला मीच शिकवलं होतं.