पाटीवरचा नंबर

घाटातल्या ज्या वळणावर अपघातात मुलगा गेला, तिथे पेंटरकाकांनी स्वतः रंगवून एक पाटी लावली होती : 'सावकाश. घरी वाट बघतायत.' चाळीस वर्षांच्या सवयीनं हात खाली सरकला आणि कोपऱ्यात धंद्याचा फोन नंबरही लिहून गेला.

पुढे हा रस्ता जाहिरातमुक्त करायचं ठरलं. निर्णय चांगलाच होता, झाकलेला डोंगर पुन्हा दिसायला लागला. काकांनी रंगवलेल्या बाकीच्या सगळ्या पाट्या नंबरासकट उतरल्या आणि पाट्या काढणारी माणसं या पाटीपाशी आली.

“काका, नंबर असला की नियमात ती जाहिरातच,” रस्ते खात्याचे इंजिनियरसाहेब अवघडून म्हणाले. “तेवढा पुसून टाका. पाटी मी राहू देतो.”

काकांनी डबा उघडला, ब्रश बुडवला आणि नुसतेच उभे राहिले. रंग बुटावर ठिबकत राहिला.

“एका नंबरात एवढा काय जीव अडकलाय, काका?”



“फोन पोराचा आहे, साहेब. कामं तोच घ्यायचा. अजून लोक फोन करून तो आहे का विचारतात, आणि मी सांगतो, बाहेर गेलाय, येईल एवढ्यात.”