बाबांच्या खाटेपुरती जागा

सकाळी ठोकलेला माळा संध्याकाळी भरलेला होता.

ती स्टुलावर चढून बघत राहिली. सुताराने तिच्या डोळ्यांदेखत शेवटचा खिळा मारला, तेव्हा माळ्यावर हवेशिवाय काही नव्हतं. त्यानंतर ती कामावर गेली. आता तिथे गाठोडी होती, गुंडाळलेला गालिचा होता आणि एक लाकडी घोडा होता. घरात लहान मूल नव्हतं.

“हा घोडा कुणाचा?”

“माझा असेल,” नवरा खालून म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “आईने जपून ठेवला असणार. हात लावू नकोस.”

एकमेकांच्या वस्तूंना हात लावायचा नाही, हा त्या घरातला नियम होता. घर एवढंसं, जुनं. असा काही नियम केला नाही तर माणसं एकमेकांना हात लावतील, अशी परिस्थिती होती.

रविवारी तिचे बाबा यायचे होते. त्याआधी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होणार होतं. पुढे काही दिवस कुणीतरी डोळ्यात थेंब घालायला हवे होते. त्यासाठी एक खाट मावायला हवी होती, बस. “राहू दे गं,” बाबा फोनवर म्हणाले होते. “मी इथे एकटाच राहतो. थेंब काय, अंदाजाने घालीन.” ते थेंब कुठे कुठे घालतील या विचाराने तिला झोप लागत नव्हती.

म्हणून तिने सुताराला बोलावलं होतं. खाट लावायच्या भिंतीशी ट्रंका, शिलाई मशीन आणि सासूबाईंचं कपाट दाटीवाटीने उभं होतं. ते कुठेतरी जिरवायचं होतं. स्वयंपाकघराच्या पायऱ्यांच्या पोटात खण झाले. जेवणाचं टेबल भिंतीत मिटायला लागलं. दिवाणाला ड्रॉवर आले. ते उघडायचे तर आधी बाथरूममधल्या माणसाला विचारावं लागे. घर इतकं तिरकं होतं की प्रत्येक कपाटामागे फट राहिली. तिने फटींनाही दारं लावून घेतली.

“ताई, मी कपाट सरळ करतो, घर वाकडंच राहतं,” सुतार म्हणाला होता. “त्याला मी काय करू?”

आणि प्रत्येक वेळी तेच. नवा खण झाला की ती ट्रंकेकडे वळायची, आणि कामावरून येऊन ट्रंक उचलेपर्यंत खण भरलेला. तिला वाटायचं, सासूबाईंचं असेल. नवऱ्याला वाटायचं, हिचं असेल. ट्रंका जागच्या जागी.

“समोरच्या काकूंकडे बघ,” नवरा म्हणायचा. “तेवढंच घर, तेवढंच जुनं. त्यांना कसं जमतं?”

काकूंच्या बाहेरच्या खोलीत एक खुर्ची होती, एक फुलदाणी होती आणि बाकी सगळा वारा होता.

“अगं, मी काही साठवतच नाही,” काकू हसून सांगायच्या. “मनातून सोडायला शिकावं माणसाने.”

शनिवारी तिचं डोकं फिरलं. तिने नियम मोडला. माळ्यावरचं पहिलं गाठोडं तिने सरळ खाली टाकलं. ते सुटलं आणि त्यातून लग्नाचा फ्रेम केलेला फोटो घसरत बाहेर आला. फोटोतल्या नवरीला तिने ओळखलं. नवऱ्या मुलाला ओळखायला थोडा वेळ लागला, कारण समोरच्या काकांना तेव्हा केस होते.

“आई, हे काय आहे?”

“त्यांचं आहे,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

“आपल्या घरात?”

“मग? तू एवढ्या सोयी करून घेतल्यास. त्यांनी विचारलं, जागा आहे का हो तुमच्याकडे. असताना नाही कसं म्हणायचं?”

“मला सांगायचंत तरी!”

“तू विचारलंस कधी?”

“आणि घोडा?” नवऱ्याने विचारलं.

“तो त्यांच्या धाकट्याचा.”

नवरा दिवाणावर बसला. दोन दिवसांपूर्वीच त्याने घोड्याला तेलपाणी केलं होतं.

तिने कोपऱ्यात मिटून ठेवलेली खाट उचलली, दुसरं टोक नवऱ्याच्या हातात दिलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या घरात शिरली. खाट खुर्चीशेजारी उघडली. गादी घातली. चादरीच्या सुरकुत्या काढल्या.

“हे गं काय?” काकू म्हणाल्या.

“बाबांना ठेवायचंय. तुमच्याकडे जागा आहे ना?”

काकूंनी खोलीकडे पाहिलं. खोलीने त्यांना काही मदत केली नाही.

“फार दिवस नाही,” ती म्हणाली. “तुम्ही तुमचा गालिचा घेऊन जाल तोपर्यंतच.”

रविवारी बाबा आले. डोळ्याला पट्टी होती. हात पसरून त्यांनी अंदाज घेतला, कशालाच धडकले नाहीत आणि खूश होऊन आडवे झाले. “केवढी मोकळी जागा!” ते म्हणाले. “पोरी, संसार करावा तर असा.” काकू फुलदाणी हातात घेऊन उभ्या होत्या. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं.

तिने पट्टी सोडून थेंब घातले. तेवढ्यात दारात सासूबाई आल्या. काखेत उशी, खांद्यावर पांघरूण.

“खिडकीखाली मी पडते हो,” त्या काकूंना म्हणाल्या. “आमच्याकडे सोयी फार झाल्यात, जागा नाही.”