माहेर नावाचं फोल्डर

"झालं का हो?" बायकोने दारातूनच विचारलं.

"होतंय. तुझं विंडोज आणि माझं लिनक्स म्हणजे सासू-सून. राहतात एका घरात, पण एकमेकींशी बोलतील तर शपथ!"

मुलगी खुदकन हसली, मग आईकडे बघून गप्प झाली.

लोकांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून देणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. घरचे दोन मात्र अजून पेन ड्राइव्हवर. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! घरातले फोटो दोन्हीकडे दिसावेत म्हणून आज तो बसला होता. निदान सांगितलं तरी तसं.

खरं कारण सांगायची त्याला लाज वाटत होती. हल्ली ती दार लावून कॉम्प्युटरवर बसायची. एकदा बाहेरून त्याला पुरुषाचा दबका आवाज ऐकू आला. विचारलं, तर "मालिका बघत होते" म्हणाली. इतक्या वर्षांत तिने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. म्हणूनच संशय जास्त टोचत होता.

"फोटोंचंच फोल्डर जोडा हं," ती म्हणाली.

"का गं? बाकीच्यात काय आहे?"

"काही नाही. सहज म्हटलं."

"चिमणे, तू आत जा," तो मुलीला म्हणाला. मुलगी लगेच उठली. शहाणी पोर, एका शब्दात ऐकते.

त्याने लिनक्सवर साम्बा नावाचं सॉफ्टवेअर चढवलं. सासू-सुनेमधला दुभाषाच तो. मग विंडोजवर फोटोंच्या फोल्डरऐवजी तिची अख्खी ड्राइव्हच शेअर केली. बायको दारात उभी होती. त्याला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन बाजारात गेली. तिचा कॉम्प्युटर चालूच होता. आपल्या खोलीत बसून त्याने तिची ड्राइव्ह उघडली. स्वतःच्याच घरात चोर झाल्यासारखं वाटलं.

'माहेर' नावाचं एक फोल्डर होतं. तिच्या माहेरी तर आता कुणीच उरलं नव्हतं. आत नुसती रेकॉर्डिंग. त्याने एक लावलं.

पुरुषाचा आवाज!

पण ते प्रेमाचं बोलणं नव्हतं. लांबून टिपलेला, खरखरीत आवाज. माणूस दात खाऊन बोलत होता. "अक्कल आहे का तुला? तुझ्या घरच्यांनी हेच शिकवलं?" मध्येच तिचं रडणं. "हळू बोला ना. पोरगी ऐकतेय."

तो शरमेने अर्धा झाला. बिचारी! कुणीतरी हरामखोर तिला असा छळतोय, आणि आपण तिच्यावरच संशय घेतला! ती आली की आधी तिचे पाय धरायचे. मग त्या माणसाचे दात त्याच्या घशात घालायचे. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा होता, पण कोण ते आठवेना. शेजारचा? एखादं गिऱ्हाईक?

रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी फुटलं. एक लहान मूल रडू लागलं.

तो माणूस म्हणाला, "चिमणे, तू आत जा."