बेचाळीस अंश

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मुरारी कोसळला. चाकणच्या एका कंपनीच्या यार्डात तो ट्रकवर लाकडी पेट्या चढवत होता. सोबतच्यांना आधी वाटलं, दमून खाली बसला असेल. मग त्याचे हातपाय झटके देऊ लागले. त्या वेळी तिथला पारा ४१.३ अंशांवर होता. हवामानाचा अंदाजही ४१.३ चाच होता.

म्हणजे अंदाज चुकला नव्हता. इशारा तेवढा गेला नव्हता.

सुप्रियाला हे पावणेतीनला कळलं. ती पुण्याच्या हवामान कार्यालयात होती. चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांना उन्हाचा इशारा मोबाइलवर पाठवायचं काम एप्रिलपासून तिच्याकडे आलं होतं. इशारा आला की बारा ते चार उघड्यावरचं काम बंद. किती अंशांवर इशारा हवा, ते ज्याने त्याने लिहून द्यायचं, अशी योजनेची रीत होती. बहुतेकांनी ३९ किंवा ४० लिहून दिले होते. या कंपनीच्या फॉर्मवर ४२ होतं. फॉर्म फेब्रुवारीतला, तिच्या आधीच्या अधिकाऱ्याने भरून घेतलेला.

माल अडू नये म्हणून माणसं उन्हात ठेवणारी कंपनी, एवढंच सुप्रियाच्या मनात आलं. मर्यादा बदलायचा कोरा फॉर्म तिने पर्समध्ये घातला आणि गाडी काढली. उद्याचा अंदाज ४१.६ होता. संध्याकाळचं पत्रक पाचला निघायचं. त्याआधी दोन सह्या मिळाल्या, तर उद्या त्या यार्डात कुणी पडणार नव्हतं.

भोसरीच्या गर्दीतून वाट काढत ती चार वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलात पोहोचली. कंपनीचा सेफ्टी ऑफिसर जयदीप आयसीयूच्या दाराशीच उभा होता.

"कसे आहेत?"

"आणला तेव्हा एकशे सात ताप होता. बर्फ लावलाय. डोळे उघडत नाहीये."

"बेचाळीस लिहून देताना काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

"आम्हाला?" जयदीप कसनुसा हसला. "मॅडम, आमच्या हेडऑफिसला अडतीससुद्धा चाललं असतं. ऑडिटला उलट छान दिसतं. बेचाळीस मागितलं यार्डातल्या माणसांनी. पस्तीस जण होते मीटिंगला, एकजात हात वर. तुमचे साहेब बघतच राहिले."

"कामगारांनी? का?"

"ठेक्यावरची माणसं आहेत. काम बंद झालं की अर्धी हजेरी, म्हणजे अर्धाच रोज."

"मग पूर्ण द्या ना!"

"ते ठेकेदाराचं. माझ्या हातात काय आहे?" त्याने तिच्या हातातला फॉर्म घेतला आणि भिंतीला टेकवून सही केली. "ही घ्या माझी. दुसरी लागेल त्यांच्या प्रतिनिधीची." त्याने हनुवटीने समोरच्या बाकाकडे खूण केली. "दुर्गाबाई. आमच्याकडे पॅकिंगला असतात. मुरारीची बायको."

दुर्गाबाईंचा पदर ओला होता. टेम्पोतून येताना नवऱ्याच्या डोक्यावर ओतलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं. सुप्रिया शेजारी बसली. आकडा ३९ केला की आज पाचलाच मेसेज येईल, उद्या दुपारी कुणाला उन्हात उभं राहावं लागणार नाही, असं तिने सावकाश समजावून सांगितलं. दुर्गाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या किती हाय?"

"एक्केचाळीसच्या वर."

"अन् परवा?"

"तेवढंच. आठ दिवस तरी उतरणार नाही."

"म्हंजी आठ दिवस यार्ड बंद."

"फक्त बारा ते चार. दुर्गाबाई, आज हा आकडा खाली असता, तर तुमचे मिस्टर आत नसते."

दुर्गाबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"व्हय, नसते. मोशीच्या नाक्यावर असते. यार्ड बंद झालं की मानसं सावलीत जाऊन निजतेत, असं वाटतंय का तुमाला? नाक्यावर जातेत. अर्ध्या दिवसाला जो नेईल त्याच्यासंगं. कुनाच्या तरी स्लॅबवर. तिथं पडलं तर ना हे साहेब, ना टेम्पो. हितं निदान मी होते."

जयदीप फोनकडे बघू लागला.

"त्या स्लॅबवर येतो का, मॅडम, तुमचा मेसेज?"

योजनेत कारखाने होते, त्यांचे सेफ्टी ऑफिसर होते, त्यांचे नंबर होते. नाक्यावरून उचललेल्या माणसाचा नंबर कुठेच नव्हता. गेल्या दोन महिन्यांत सुप्रियाने जितके इशारे पाठवले, तितक्या दुपारी तितकी यार्डं रिकामी झाली होती. अहवालात तिने ते यश म्हणून लिहिलं होतं. ती माणसं तिथून कुठे गेली, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

दुर्गाबाईंनी फॉर्म तिच्या मांडीवर परत ठेवला. दुसऱ्या सहीची जागा कोरी होती.

पाच वाजता पत्रक निघालं. ज्यांनी ३९ आणि ४० लिहून दिलं होतं त्या सगळ्यांना इशारा गेला. या कंपनीला गेला नाही.

साडेपाचला डॉक्टर बाहेर आले. "आजची रात्र बघू," एवढंच म्हणाले. मुरारीने डोळे उघडले नव्हते.

पावणेसहाला जयदीपच्या फोनवर ठेकेदाराने उद्याच्या दिवसपाळीची यादी पाठवली. त्याने फोन सुप्रियापुढे धरला. यार्डात पेट्या चढवायला, पॅकिंगपेक्षा जास्त हजेरीच्या कामाला, मुरारीच्या जागी दुर्गाबाईंचं नाव होतं. बर्फ आणायला खाली गेल्या होत्या, तेव्हा त्यांनीच फोन करून ते लावून घेतलं होतं.