हळव्या माणसाला कळवू नये

ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मास्तरांना तिने हाताला धरून घरी आणलं, पलंगावर निजवलं, आणि तासाभरात धाकट्या दिराचा फोन आला.

“वहिनी, आई आता फार दिवस काढत नाही. सारखी दादाचं नाव घेतेय. तुम्ही तरी सांगा त्याला.”

“सांगते,” ती म्हणाली. फोन ठेवला आणि दूध तापवायला गेली.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी शेवटचे चार दिवस तिची वाट पाहिली होती. निरोप मास्तरांकडे आला आणि त्यांच्यापाशीच राहिला. शाळेत तपासणी होती, साहेबांचं जेवण घरी होतं. सगळं उरकल्यावर मास्तर म्हणाले, “तू पडलीस हळवी. उगाच रडत बसली असतीस, म्हणून नाही बोललो.” पुढे चार लोकांत तिला रडूबाई म्हणून हसलेही.  मास्तरांचं ते वाक्य तिने पाठ करून ठेवलं.

आता ते शब्दाला शब्द परत करायचं होतं.

सासूबाई तिला कधी वाकडं बोलल्या नव्हत्या. ते आठवलं की ती मास्तरांच्या पलंगापर्यंत जाई. मग वडील आठवत, दाराकडे बघत गेलेले, आणि तिचा निश्चय पुन्हा घट्ट होई. फोन रोज येत. मास्तर झोपलेत, असं ती सांगायची.

तिसऱ्या दिवशी शेवटचा फोन आला. बाथरूममधला नळ सोडून ती पोटभर रडली, तोंड धुतलं आणि मास्तरांना पेपर वाचून दाखवला, राशिभविष्यासकट.

चौथ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर मास्तरांनी भिंतीवरचं घड्याळ लांबून वाचलं आणि खूश झाले. ती खुर्ची ओढून समोर बसली. त्यांचा चेहरा उतरताना तिला नीट पाहायचा होता.

“आई गेल्या काल. तीन दिवस तुमचं नाव घेत होत्या. तुम्ही पडलात हळवे, म्हणून नाही बोलले.”

मास्तरांनी मान डोलावली.

“जायचीच होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच धाकट्याने मला कळवलं होतं. पण ही तारीख सोडली असती तर पुढची दोन महिन्यांनी मिळाली असती.”

मग त्यांनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं.

“तुला मुद्दामच सांगितलं नाही. म्हटलं, उगाच रडत बसशील.”