टूलरूम-एक

‘नेटची लाइन मंद झाली ती तुमच्यामुळे, साहेब. नवा सर्व्हर दोन दिवसांत बसवायला लावलात, चाचणी घेऊ दिली नाहीत, आणि आता माझ्या नावानं खडे फोडताय.’

दीपमालानं एवढं टाइप केलं, एकदा वाचलं आणि पुसून टाकलं.

वर साहेबांचा मेसेज तसाच होता. ‘लाइन कोण खातंय त्याचं नाव उद्या सकाळच्या आत पाहिजे. नाहीतर तुझं नाव कटलं समज.’

गुरुवार होता. चाकणच्या कारखान्यांची सुट्टी. पत्रा दाबायच्या प्रेस बंद, कँटीन बंद, कंपनीची बस बंद. निगडीहून रिक्षा बदलत बदलत ती आली होती. गेटवरच्या वॉचमननं मोबाइलमधून मान वर न काढता सहीची वही पुढं सरकवली. सकाळपासून माणसाशी संबंध आला तो एवढाच. बीड सोडून तिला दीड वर्ष झालं होतं, कंपनीचे कॉम्प्युटर ती सांभाळायची, आणि अजून कंत्राटावरच होती. कायम कधी करणार, असं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "सर्व्हर एकदा नीट चालू दे, मग तुझं बघतो." त्या एका वाक्यावर तिनं गावाकडं आईला सांगूनही टाकलं होतं, काम झालंच समज.

आणि सर्व्हर आल्यापासून हा घोळ. घरून काम करणाऱ्यांनी व्हीपीएन लावून, म्हणजे बाहेरून आत शिरायची वाट उघडून, कंपनीची फाइल उघडायची म्हटलं की पाच-पाच मिनिटं. "चहा करून, पिऊन, कप विसळून आले गं, तरी तुझं ते गोल फिरतंयच," ऑफिसातली प्राजक्ता घरून रोज फोनवर टोमणा मारायची.

दीपमालानं सेटिंग पुन्हा तपासलं. केबल बदलली. मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडून बाहेरच्या माणसासारखी आत शिरून पाहिली. तेच रडगाणं. सुट्टीच्या दिवशी, कुणी कामावर नसताना!

मग तिनं आत कोण कोण आहे त्याची यादी उघडली. तिथं तिचं एकटीचं नाव असायला हवं होतं. दोन होती. दुसरं होतं ‘टूलरूम-एक’. सकाळी सहा पन्नासपासून आत. पहिली पाळी सातला लागते.

ती टूलरूमकडं, साच्यांच्या दुरुस्तीच्या खोलीकडं गेली. दाराला कुलूप. काचेतून कॉम्प्युटर दिसला, प्लॅस्टिकनं झाकलेला, प्लॅस्टिकवर धूळ. तिथं बबनराव बसायचे. प्रेसचा कुठला साचा कधी तडकला, कुणी दुरुस्त केला, सगळं बावीस वर्षं वहीत लिहून ठेवणारा माणूस. सर्व्हर आला त्याच आठवड्यात त्यांना घरी बसवलं. ‘टूलरूम-एक’चा पासवर्ड त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

एक क्लिक केलं की वाट बंद. एक ओळ लिहिली की साहेब खूश, नोकरी शाबूत. तिनं फोन लावला.

"काका, दीपमाला बोलतेय. कंपनीतनं."

"आज? गुरवारी?" बबनराव हरखलेच. "बरं झालं फोन केलास, पोरी. लाइन लई स्लो हाय बघ. पानं चढता चढंनात."

"कसली पानं?"

"माज्या वह्यांची. नव्या सर्व्हरात साच्यांचं कायबी आलं न्हाई म्हनं. एकेक पान स्कॅन करून धाडतोय. अक्षार फुटाय नगं म्हनून एकदम मोठं ठिवलंय."

तिनं फोल्डर उघडून पाहिलं. एकेक पान अख्ख्या सिनेमाएवढं जड. लाइन इथंच तुंबली होती.

"काका, आज सुट्टी आहे ना?"

"सुट्टी घिऊन बोलू कुनाशी? भित्ताडाशी? सकाळी डबा भरतो, बाराला खातो. पाळी असल्यावानी वाटतं."

"पगार देतात याचा?"

"पगार कसला! कुनाला बोलू नगा म्हनलेत, तुला म्हनून सांगतो. सायबांनीच करायला लावलंय. म्हनले, सर्व्हर एकदा नीट चालू दे बबनराव, मग तुमचं बघतो."

शब्दन्‌शब्द तेच. दीपमालानं साहेबांचा मेसेज पुन्हा उघडून वाचला.

"हॅलो? पोरी? लाइन गेली का?"

"आहे काका." ती म्हणाली. "साहेबांना विचारू का, कधी बघणार ते?"

पलीकडं स्कॅनरमध्ये पुढचं पान घरघरत सरकलं. मग बबनराव म्हणाले, "इचार. मला बावीस वर्सांत जमलं न्हाई."

"विचारते. आणि फोन ठेवू नका. बाराला दोघं डबा खाऊ."

तिनं बबनरावांची वाट बंद केली नाही. टेबलावर मोबाइल तसाच चालू ठेवला, त्याच्याशेजारी डबा काढून ठेवला आणि साहेबांना मेल लिहायला घेतला. या वेळी पुसला नाही.

‘साहेब, लाइन खाणाऱ्याचं नाव सापडलं. तुमचंच आहे. आता मला उद्या सकाळच्या आत एक उत्तर पाहिजे, आणि ते लेखी पाहिजे. सर्व्हर नीट चालू दे, मग बघतो, असं तुम्ही आणखी किती जणांना सांगून ठेवलंय?’