माळ्यावरच्या बाटल्या

बिअरच्या बाटलीचं झाकण उघडताच फेस उसळला आणि पिंपकाकांच्या मनगटावरून टेबलावर ओघळला. चाखायची गरजच उरली नाही. तरी समोर दोघं बसली होती, म्हणून त्यांनी पेल्यात घोटभर ओतलं, नाकाशी नेलं, जिभेवर घेतलं. दात आंबतील इतकी आंबट.

पिंपकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. बिअरच्या कारखान्यातली लाकडी पिंपांची कोठी त्यांनी तीस वर्षं सांभाळली, म्हणून धाकट्या कामगारांनी ते चिकटवलं. व्हिस्की काढून घेतलेल्या जुन्या पिंपांत इम्पीरियल स्टाउट नावाची काळीभोर, जड बिअर ते वर्षभर मुरत ठेवत. बाटलीवरच्या चिठ्ठीतला मजकूरही त्यांचाच: पाच वर्षं ठेवा, कळ काढल्याचं चीज होईल.

समोरच्या माणसाने तो शब्द न् शब्द पाळला होता. धाकटा भाऊ दूरच्या नोकरीवर निघाला त्या आठवड्यात त्याने खोकंभर बाटल्या घेतल्या. भाऊ परतला की फोडायच्या, असं दोघांचं ठरलं. भाऊ गेल्या रविवारी परतला. पहिली बाटली भिंतीवर उडाली, दुसरी कोणाला गिळवेना. पाच वर्षं थांबून तोंड आंबटच करायचं होतं तर ते मला सासुरवाडीत फुकट मिळतं, असं भाऊ म्हणाला. सगळे हसले. थोरला हसला नाही. तो आईकडे वळला.

खोकं जिन्याखालच्या गार खणात होतं. दोन वर्षांपूर्वी आईला तिथे शिवणयंत्र बसवायचं होतं, म्हणून तिने खोकं स्वयंपाकघरातल्या माळ्यावर चढवलं, नेमकं शेगडीच्या डोक्यावर. रविवारी मुलगा चारचौघांत तिला नको नको ते बोलला. तेव्हापासून काही हवं असलं तरी बायकोकरवी मागत होता. म्हणून आज आईच हटून बसली, ज्याने केली त्यालाच विचारू म्हणाली. उरलेल्यांतली एक बाटली तिने सबंध वाटभर मांडीवर धरून आणली होती.

"भाऊ, खरं काय ते सांगा," ती काकांना म्हणाली. "माझ्याने बिघडली का?"

काकांना उत्तर ठाऊक होतं. उष्णतेने बिअर शिळी पडते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आंबून उसळते ती पिंपातल्या दोषाने. आणि ते पिंप त्यांना आठवत होतं, कोपऱ्यातलं अकरावं. त्या साली बाटल्या भरायच्या आधी चाखताना जिभेच्या कडेला अगदी बारीक आंबटपणा लागला होता. मालक दारात घड्याळ बघत उभे होते. ते पिंप ओतून द्यायचं म्हणजे वर्षाची मेहनत गटारात, वर बोलणी खायची ती वेगळीच. वीस पिंपांत एक, दर्यात खसखस, अशी मनाची समजूत घालून त्यांनी ते बाकीच्यांत मिसळू दिलं. ज्यांनी लगेच प्यायली त्यांना काही कळलं नाही. उलट वाहवाच झाली. ज्यांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवून कळ काढली, त्यांच्याच घरी बाटलीत तो आंबटपणा वाढत गेला.

येत्या शनिवारी काकांचा निवृत्तीचा सत्कार होता. खोलीच्या काचेपलीकडे मालक कोणा पाहुण्यांना कोठी दाखवत होते आणि मधूनच काकांकडे बोट करत होते.

"आणि काका, मुळात हे ठेवण्यात काही अर्थ आहे का?" मुलाने विचारलं. "की आणली तशी पिऊन मोकळं व्हावं?"

"अर्थ आहे ना," काका सवयीने म्हणाले. "चांगली असेल ती ठेवून आणखी चांगली होते."

वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनी गिळला. आई अजून त्यांच्याकडेच बघत होती.

"माळा तापतो, ताई," ते म्हणाले. "उन्हाळ्यात फारच तापतो."

खोटं नव्हतं. माळे तापतातच.

मुलाने सुस्कारा सोडला. जिंकलेला माणूस मऊ होतो तसा तो मऊ झाला. जाऊ दे आई, तू काय मुद्दाम केलंस थोडंच, असं म्हणाला. रविवारनंतर तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होता. चला, मायलेकाचं मिटलं, असं काकांनी स्वतःला सांगून पाहिलं.

ते आत गेले आणि त्या खोक्याच्या पुढच्या सालच्या, स्वच्छ पिंपांतल्या दोन बाटल्या घेऊन आले. त्या त्यांनी तशाच देऊ केल्या. मुलगा नको नको म्हणत राहिला. आईने मात्र दोन्ही हातांनी घेतल्या.

"तुमचीही मेहनत मातीत घातली मी, भाऊ," ती म्हणाली. "मनावर घेऊ नका."

मग तिने पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढली. या बाटल्या कुठे ठेवायच्या, कशा ठेवायच्या, नीट सांगा, मी लिहून घेते, म्हणाली.

काकांनी सांगितलं. गार जागा. अंधार. बाटली उभी ठेवायची, आडवी नाही. हलवायची नाही. ती एकेक अक्षर ठसठशीत काढत होती, लिहिताना ओठ हलत होते. मुलगा दाराशी जाऊन उभा राहिला, तरी तिने घाई केली नाही. शेवटची ओळ तिने न विचारता आपल्याच मनाने घातली: माळ्यावर ठेवू नये. तिच्याखाली दोनदा रेघ ओढली आणि कागद काकांपुढे धरला.

"वाचून बघा बरं. काही चुकलंय का?"

काकांनी कागद वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला.

"नाही, ताई," ते म्हणाले. "तुमचं काही चुकलेलं नाही."

तिने घडी घालून कागद कमरेला खोचला.